व्हिटबीचे पाच शाळासोबती : 'प्रोटेस्ट द हीरो'च्या वाटचालीची पार्श्वभूमी

मार्च २०१४ मध्ये विनिपेग येथे झालेल्या जूनो पुरस्कारांत मेटल व हार्ड संगीताच्या वर्गातील वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान 'प्रोटेस्ट द हीरो' या बँडच्या 'व्होलिशन'ला मिळाला. जूनो हा कॅनडातील संगीताचा सर्वांत मानाचा पुरस्कार असला, तरी मेटल वाजवणाऱ्यांसाठी त्यात हा स्वतंत्र वर्ग २०१२ मध्येच सुरू झाला होता, म्हणजे हे त्याचे तिसरेच वर्ष होते. ज्या अल्बमला हा मान मिळाला त्याची जन्मकथा पुरस्कारापेक्षा अधिक बोलकी आहे. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणत्याही कंपनीने केला नव्हता, श्रोत्यांनी तो आगाऊ भरला होता. शाळेपासून सोबत असलेला ड्रमवादक ध्वनिमुद्रणापूर्वीच बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी अमेरिकेतील एका नावाजलेल्या बँडचा वादक पाहुणा म्हणून बसला होता. आणि बँडची आरंभीची गीते ज्याच्या हातची होती तो बेसवादकही त्याच वर्षी निरोप घेणार होता. वरकरणी मोडकळीला आलेल्या घरातून देशातील सर्वोच्च पुरस्कार कसा निघाला, हे समजून घ्यायचे तर मागे, १९९९ पर्यंत जावे लागते. त्यातही वाद्यांपेक्षा पैशाकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण या बँडच्या इतिहासातील जवळजवळ प्रत्येक वळण संगीताचा खर्च कोणी उचलायचा या प्रश्नापाशी येऊन ठेपते.

हा बँड वाजवतो त्या प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे गुंतागुंतीच्या रचनांच्या मेटल, या प्रकाराला कॅनडात परकेपणा कधीच नव्हता. टोरोंटोच्या 'रश' या बँडने १९६८ मध्ये सुरुवात केली आणि १९७६ च्या '२११२' या अल्बमच्या एका संपूर्ण बाजूवर वीस मिनिटांची एकच सलग रचना वाजवून दाखवली. क्वेबेकमधील झोंकियेर या औद्योगिक गावात १९८२ मध्ये उभा राहिलेला 'व्होइव्हॉड' हा बँड आणि ब्रिटिश कोलंबियातून आलेले गायक-गिटारवादक डेव्हिन टाउन्सेंड यांनी पुढे त्याला अधिक खरखरीत आणि विक्षिप्त रूप दिले. या साऱ्यांत समान धागा असा की ठोक्यांची मांडणी चार-चारच्या सरळ चौकटीत राहत नाही. सात, पाच, अकरा असे विषम गट एकामागून एक येतात आणि ऐकणाऱ्याला सम कोठे पडणार याचा सतत अंदाज घ्यावा लागतो. रूपक किंवा झपताल कानावर असलेल्या मराठी श्रोत्याला विषम मात्रांचे नवल वाटणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे ताल एकदा धरला की तो आवर्तनाने टिकतो, तर येथे एका गाण्यात तो अनेकदा बदलतो, आणि तोही बंदुकीच्या गोळीच्या वेगाने.

या परंपरेइतकीच महत्त्वाची ठरते ती कॅनडाची सरकारी चौकट. शेजारच्या बलाढ्य देशाचे संगीत आपल्या रेडिओवर पसरून जाईल या धास्तीने तेथील प्रसारण नियामकाने १९७१ पासून रेडिओ केंद्रांवर ३० टक्के गाणी कॅनडातील असण्याचे बंधन घातले आणि १९९९ मध्ये लोकप्रिय संगीतासाठी ते ३५ टक्क्यांवर नेले. गाणे 'कॅनडाचे' ठरवण्यासाठी संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रणाची जागा आणि शब्द या चार कसोट्यांपैकी सर्वसाधारणपणे दोन पूर्ण व्हाव्या लागत. १९८२ मध्ये ध्वनिमुद्रणाला अर्थसाहाय्य देणारी 'फॅक्टर' ही संस्था उभी राहिली, आणि १९८४ मध्ये टोरोंटोहून 'मचम्युझिक' ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली, जिच्यासोबत संगीतचित्रफितींना अनुदान देणारा निधीही आला. मेटलसारखे संगीत रेडिओवर लागण्याची शक्यता कोट्यानेही फारशी वाढली नाही, हे खरे. चित्रफितीचे मात्र तसे नव्हते. चित्रफीत चमत्कारिक असेल तर वाहिनीला ती दाखवायला आवडत असे, आणि दूरच्या गावातल्या मुलांना आपल्याच प्रांतातले कोणी पडद्यावर दिसत असे.

व्हिटबी हे तसे दूरचे गाव नाही. ओंटारियो सरोवराच्या उत्तर काठावर, टोरोंटोच्या पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर, डरहॅम या विभागात ते आहे. एका बाजूला एजॅक्स आणि दुसऱ्या बाजूला मोटारींच्या कारखान्यासाठी ओळखले जाणारे ऑशवा. २००१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८७ हजारांच्या घरात होती. सकाळी लोकलने किंवा महामार्गाने टोरोंटोला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा येथील बहुतेक कुटुंबांचा दिनक्रम. अशा उपनगरांत तळघरे मोठी असतात आणि मुलांना करण्यासारखे फारसे नसते. गेल्या तीस वर्षांत ओंटारियोतून निघालेल्या गोंगाटी बँडांची यादी पाहिली तर या दोन गोष्टींचा वाटा कमी लेखता येत नाही. जवळच्या एजॅक्समधून 'सम ४१' आला, मिसिसॉगातून 'बिली टॅलेंट', सेंट कॅथरीन्समधून 'अलेक्झिसऑनफायर'. सारे उपनगरांतले किंवा छोट्या शहरांतले, आणि जवळपास एकाच काळातले.

१९९९ मध्ये व्हिटबीतील पाच मुलांनी 'हॅपी गो लकी' या नावाने एकत्र वाजवायला सुरुवात केली, तेव्हा ती जेमतेम किशोरवयात आली होती. गायक रोडी वॉकर, गिटारवर लूक हॉस्किन आणि टिम मॅकमिलर, बेसवर आरिफ मिराब्दोलबाघी आणि ड्रम्सवर मो कार्लसन. दोनेक वर्षांत नाव बदलून 'प्रोटेस्ट द हीरो' झाले आणि हीच पाच नावे पुढे एक तपाहून अधिक काळ टिकली. रॉक बँडांच्या जगात, जेथे ड्रमवादक मोसमागणिक बदलतात, ही गोष्ट जवळजवळ अपवादात्मक आहे. सुरुवातीचे त्यांचे वाजवणे म्हणजे वेगवान, राजकीय आवेशाचे पंक. त्यात पुढच्या गुंतागुंतीची चाहूल फक्त एवढीच लागते की गिटारवाले उगाचच अधिक स्वर वाजवताना दिसतात.

अल्पवयीन मुलांच्या बँडपुढे एक व्यावहारिक अडचण असते. ओंटारियोत मद्यपानाचे वय १९ आहे, त्यामुळे बारमध्ये वाजवण्याचा आणि त्याहून अधिक म्हणजे आपल्याच वयाचे श्रोते बारमध्ये आणण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून अशा बँडांचे कार्यक्रम सामुदायिक सभागृहे, माजी सैनिकांच्या संघटनांची हॉल, चर्चची तळघरे अशा जागी होत. तिकीट काही डॉलरांचे, ध्वनिव्यवस्था भाड्याची, आणि आयोजकही बहुधा कुठल्यातरी दुसऱ्या बँडचाच कोणी. या वर्तुळात ओळखी झपाट्याने होतात. एजॅक्सच्या 'क्लोजेट मॉन्स्टर' या पंक बँडचे मार्क स्पिकोलुक हे 'अंडरग्राउंड ऑपरेशन्स' नावाची छोटी ध्वनिमुद्रण कंपनी चालवत होते. काही काळ ते कॅनडाच्या पॉप गायिका अॅव्हरिल लव्हीन यांच्या साथीच्या बँडमध्येही होते, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे जग त्यांनी आतून पाहिलेले होते. त्यांच्या कंपनीने शाळेतल्या या मुलांना हाताशी धरले. २००२ मध्ये 'सर्च फॉर द ट्रुथ' आणि २००३ मध्ये 'ए कॅल्क्युलेटेड यूज ऑफ साउंड' ही लघुमुद्रिका आली. मुले अजून माध्यमिक शाळेत होती, दौरे सुट्ट्यांत बसवावे लागत. शाळा संपली आणि महाविद्यालयाऐवजी मोठी गाडी, वाद्ये आणि महामार्ग हा पर्याय त्यांनी स्वीकारला. तेथून पुढे जे झाले त्याला शौक म्हणणे बरोबर होणार नाही.

ऑगस्ट २००५ मध्ये आलेला 'केझिया' हा पहिला पूर्ण अल्बम. तेव्हा ही मंडळी विशीच्या उंबरठ्यावर होती, आणि त्या वयाची महत्त्वाकांक्षा या अल्बममध्ये ओतप्रोत आहे. काही ठिकाणी ती सांडूनही जाते. केझिया नावाच्या एका स्त्रीला गोळ्या घालून मारण्याची शिक्षा झाली आहे, आणि ती घटना तीन दृष्टिकोनांतून सांगितली जाते. पहिली तीन गाणी धर्मगुरूची, पुढची तीन तुरुंगातील पहारेकऱ्याची, त्यानंतरची तीन स्वतः केझियाची, आणि दहावे गाणे या साऱ्याकडे बाहेरून पाहणारे. बायबलमधील जोबच्या एका मुलीचे हे नाव मुद्दाम घेतलेले आहे, आणि सारी कथा धर्म, राज्यसत्ता आणि पुरुषी नजर यांच्याविरुद्धचे रूपक आहे. गीतांमागचा मुख्य हात मिराब्दोलबाघी यांचा होता.

यातले पहारेकऱ्याचे 'ब्लाइंडफोल्ड्स असाइड' हे गाणे थोडे थांबून ऐकण्यासारखे आहे. बंदूक ज्याच्या हातात आहे तो माणूस येथे बोलतो. आपण हुकमाचे ताबेदार आहोत ही सबब आणि समोर उभी असलेली बाई यांच्यामध्ये तो अडकलेला आहे. संगीताची बांधणीही तशीच फाटलेली आहे. एका गिटारवर बोटांच्या टोकांनी पट्टीवर ठोकून काढलेली झरझर स्वरांची साखळी, तिच्याखाली दुसऱ्या गिटारचे तोडलेले आघात, आणि वॉकर यांचा आवाज क्षणात उंच, स्वच्छ, जवळजवळ नाटकी, तर क्षणात घसा खरवडून निघणारा. अशा गाण्यात ठरावीक अंतराने परतणारे ध्रुवपद सापडत नाही. एक कल्पना वाजली की तिला निरोप, आणि लगेच दुसरी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा सारा गोंधळ वाटतो. चार-सहा वेळा ऐकल्यावर मात्र लक्षात येते की कथेची प्रत्येक कलाटणी ठोक्यांच्या बदलाशी जोडलेली आहे. केझियाच्या बाजूचा आवाज म्हणून अल्बममध्ये लोकसंगीताच्या वळणाने गाणाऱ्या जेडिया केली यांचा स्वर येतो, आणि एवढ्या पुरुषी कोलाहलात त्याचा परिणाम विलक्षण होतो.

निर्माते ज्युलियस बटी यांचे श्रेय येथे नोंदवले पाहिजे. 'अलेक्झिसऑनफायर'चा 'वॉच आउट!' त्यांनीच केला होता, आणि ओंटारियोतील या पिढीच्या आवाजाला जो कोरडा, समोर येऊन आदळणारा पोत आहे त्यात त्यांचा हात मोठा आहे. 'केझिया'नंतरचे दोन अल्बमही त्यांनीच सांभाळले. दुसरीकडे 'केझिया'मधील 'हेरेटिक्स अँड किलर्स' या गाण्याच्या चित्रफितीत सारा बँड माकडांच्या वेषात वावरतो. मृत्युदंडाची गंभीर गाथा लिहिणारी मुले पडद्यावर माकडे होऊन येतात, आणि रंगमंचावर दोन गाण्यांच्या मधल्या वेळात वॉकर यांची थट्टामस्करी अखंड चालू असते. या विसंगतीवर काही समीक्षक नाराज असत. मला मात्र ती या बँडची बचावाची भिंत वाटते. एवढे अवघड संगीत एवढ्या गांभीर्याने कोणी सादर केले असते तर ते दोन वर्षांत असह्य झाले असते. शिवाय 'मचम्युझिक'ला अशाच चित्रफिती हव्या असत, हा व्यवहारही त्यात होताच.

एप्रिल २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'व्हेग्रंट' कंपनीने 'केझिया' अमेरिकेत प्रसिद्ध केला. ही कंपनी 'डॅशबोर्ड कन्फेशनल'सारख्या भावनाप्रधान रॉकसाठी ओळखली जात होती, त्यामुळे हा संसार थोडा विजोडच होता. पण त्यामुळे बँडला अमेरिकेतील दौऱ्यांचा रस्ता खुला झाला, आणि कॅनडाच्या बँडला जगायचे तर तो रस्ता लागतोच. ३ कोटींच्या आसपास लोकसंख्या, ती हजारो किलोमीटरच्या एका पट्ट्यात पसरलेली, टोरोंटोहून व्हँकूव्हरपर्यंत मधल्या मैदानी प्रांतांतून दिवसचे दिवस गाडी हाकायची; पेट्रोलचा खर्च तिकिटांतून निघाला तरी नशीब. दक्षिणेकडे सीमा ओलांडली की मात्र चार-पाच तासांच्या अंतराने शहरे लागतात.

जानेवारी २००८ मधील 'फोर्ट्रेस' हा तांत्रिकदृष्ट्या बँडचा सर्वांत धारदार अल्बम आहे, आणि कॅनडाच्या विक्री-याद्यांत तो पहिल्याच आठवड्यात वरच्या स्थानी पोहोचला. एवढ्या अवघड संगीताने अशी मजल मारावी हे त्या काळातही नवलाचे होते. मात्र हेही ध्यानात ठेवायला हवे की २००८ मध्ये सीडीची एकूण विक्री घसरू लागली होती, आणि निष्ठावान चाहत्यांचा बँड पहिल्या आठवड्यात अशी झेप सहज घेऊ शकत होता. येथे 'केझिया'सारखी एकसंध कथा नाही, पण दहा गाण्यांमध्ये चंगीझ खानाच्या स्वाऱ्या, आयरिश पुराणातील देवता आणि लुप्त झालेली देवीपूजा असे विषय गुंफलेले आहेत. 'ब्लडमीट'पासून सुरू होणारा हा अल्बम श्वास घ्यायला फारशी जागा देत नाही. चाहत्यांत 'केझिया' मोठा की 'फोर्ट्रेस' हा वाद अजून मिटलेला नाही. वादनाच्या कसोटीवर 'फोर्ट्रेस' सरस आहे यात शंका नाही. पण 'केझिया'मध्ये अननुभवी मुलांना जे सांगायचे होते त्याची निकड ऐकू येते, आणि ती कौशल्याने भरून काढता येत नाही. २००९ मध्ये 'गॅलॉप मीट्स द अर्थ' ही प्रत्यक्ष कार्यक्रमाची ध्वनी-चित्रमुद्रिका आली. मार्च २०११ मध्ये आलेल्या 'स्करिलस'मध्ये वॉकर यांनी स्वतः गीतलेखनात मोठा भाग घेतला, विषय पुराणांतून उतरून कुचाळक्या, प्रसिद्धी आणि खासगी आयुष्यापर्यंत आले, सूर अधिक गाण्याजोगे झाले. अल्बम वाईट नाही, पण बँडच्या इतिहासात तो संक्रमणापुरताच महत्त्वाचा आहे.

खरी कलाटणी त्यानंतर आली. २०१२ संपता संपता बँडच्या मागे कंपनी उरली नव्हती. ज्या वर्षी 'हॅपी गो लकी' सुरू झाला त्याच वर्षी, १९९९ मध्ये, इंटरनेटवरून गाणी एकमेकांना फुकट देण्याची 'नॅपस्टर' ही सेवाही सुरू झाली होती. म्हणजे या बँडने विकल्या जाणाऱ्या तबकडीचा भरभराटीचा काळ व्यवसायात राहून पाहिलाच नव्हता. तेरा वर्षांनंतर हिशेब असा झाला होता की कंपनी ध्वनिमुद्रणासाठी उचल देते, ती विक्रीतून फेडून घेते, विक्री दरवर्षी घटते, आणि वादकांच्या हाती दौऱ्यांवर विकलेल्या टी-शर्टांचे पैसे तेवढे राहतात. जानेवारी २०१३ मध्ये बँडने 'इंडीगोगो' या संकेतस्थळावरून थेट श्रोत्यांकडे पैसे मागितले. लक्ष्य १,२५,००० डॉलरांचे. 'किकस्टार्टर' हे अधिक प्रसिद्ध व्यासपीठ तेव्हा कॅनडातील प्रकल्पांसाठी खुलेच नव्हते. ते त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाले.

लक्ष्य दोन दिवसांच्या आत गाठले गेले, आणि मोहीम संपेपर्यंत ३,४१,१४६ डॉलर जमा झाले, म्हणजे मागितलेल्या रकमेच्या पावणेतीनपट. ही रक्कम कितीही मोठी दिसली तरी ती देणगी नव्हती, हे अशा मोहिमांविषयी बोलताना बहुतेक वेळा विसरले जाते. प्रत्येक भरण्यामागे काही ना काही देणे लागत होते. कोणाला डिजिटल प्रत, कोणाला सीडी, कोणाला तबकडी, कोणाला टी-शर्ट. कंपनी असते तेव्हा छपाई, वेष्टन, टपाल, सीमाशुल्क ही कामे तिच्या गोदामातले लोक करतात. ती नसेल तर तो भार वादकांच्याच अंगावर येतो, आणि कॅनडातून परदेशी पाठवलेल्या एका टी-शर्टाचे टपाल कित्येकदा त्याच्या किमतीशी स्पर्धा करते. शिवाय स्टुडिओ, मिश्रण आणि चित्रफिती यांचा खर्च वेगळाच. तरीही या मोहिमेने एक गोष्ट बँडच्या हाती दिली जी आधीच्या १४ वर्षांत नव्हती: तयार ध्वनिमुद्रणाची मालकी. अमेरिकेत 'रेझर अँड टाय' आणि युरोपात 'स्पाइनफार्म' या कंपन्यांनी 'व्होलिशन' वितरित केला खरा, पण त्या आल्या अल्बमचा पैसा उभा राहिल्यानंतर. वाटाघाटीत कोण आधी बसतो याला किती महत्त्व असते हे वेगळे सांगायला नको.

पैशाची चिंता मिटते न मिटते तोच माणसांची सुरू झाली. कार्लसन यांनी शिक्षणाकडे वळण्यासाठी बँड सोडला. चौदा वर्षे एकाच पाच जणांनी वाजवलेल्या संगीतात ड्रमवादक बदलणे म्हणजे नुसते एक वाद्य बदलणे नसते. विषम ठोक्यांची ती सारी गणिते त्या पाच डोक्यांत मिळून साठलेली होती. व्हर्जिनियाच्या 'लॅम्ब ऑफ गॉड'चे ड्रमवादक ख्रिस अॅडलर यांनी 'व्होलिशन'साठी वाजवण्याचे मान्य केले. त्यांची शैली अधिक भारदस्त, पायाच्या कामावर उभी. परिणामी अल्बमला एक वेगळाच ठामपणा आला, जो कार्लसन यांच्या चपळ आणि काहीशा चिंताग्रस्त वादनात नव्हता. ऑक्टोबर २०१३ मध्ये अल्बम आला. विषय आता ओंटारियोतल्याच घरादारातले: २००५ मध्ये प्रांताने पिट बुल जातीच्या कुत्र्यांवर घातलेल्या बंदीविरुद्ध 'अ लाइफ एम्बॉस्ड', न्यूफाउंडलंड बेटावरच्या प्रेमापोटी लिहिलेले 'मिस्ट'. मृत्युदंडाच्या रूपकापासून शेजारच्या कुत्र्यापर्यंतचा हा प्रवास अधोगती आहे असे काहींना वाटते. माझ्या मते लेखणी मिराब्दोलबाघी यांच्याकडून वॉकर यांच्याकडे सरकल्याचा तो स्वाभाविक परिणाम आहे. एकाला पुराणे आणि दर्शनशास्त्र जवळचे, दुसऱ्याला आपला संताप आणि आपली माणसे.

२०१४ मध्ये मिराब्दोलबाघीही बाहेर पडले. ड्रम्सवर 'द किंड्रेड' या ओंटारियोतीलच बँडचे माइक इराडी आले आणि बेस 'व्होलिशन'चे निर्माते कॅमेरॉन मॅक्लेलन यांनी हाती घेतला. म्हणजे बाहेरून माणसे आणण्याऐवजी बँडने कामाच्या ओळखीतलीच माणसे आत घेतली. सभागृहांच्या दिवसांतली सवय येथेही दिसते.

ऑक्टोबर २०१५ ते मार्च २०१६ या सहा महिन्यांत 'पॅसिफिक मिथ' हा नवा प्रयोग झाला. कलाकारांचे संगीत थेट विकणाऱ्या 'बँडकॅम्प' या संकेतस्थळावर वर्गणी भरायची आणि दर महिन्याला एक नवे गाणे, त्याची वाद्यमात्र आवृत्ती, शब्द आणि चित्र घ्यायचे. 'रॅगेड टूथ'ने सुरुवात झाली, 'कॅरव्हॅन'ने शेवट. मासिकाच्या वर्गणीदारासारखे हे नाते होते, आणि त्याचे फायदे-तोटेही मासिकाचेच. पैसे आधी हाती येतात, टपाल नाही, गोदाम नाही. पण अंकाची तारीख चुकवता येत नाही. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये एक गाणे लिहिणे, बसवणे, मुद्रित करणे आणि मिसळणे तीस दिवसांत उरकणे ही कसरतच आहे, आणि त्या सहा गाण्यांत कुठे कुठे घाई ऐकू येते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती एकत्रित स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचे मिश्रण नव्याने करण्यात आले होते, यावरून बँडलाही ते जाणवले असावे. प्रयोग पुन्हा केला गेला नाही. तरीही ज्या काळात स्ट्रीमिंग सेवा कॅनडात मूळ धरत होत्या (स्पॉटिफाय तेथे २०१४ मध्ये पोहोचले) आणि एका श्रवणामागे कलाकाराला अत्यल्प मोबदला मिळत होता, त्या काळात काही हजार लोकांनी महिन्याच्या महिन्याला थेट पैसे द्यावेत हा विचार दूरदृष्टीचा होता. आज असंख्य कलाकार त्याच तत्त्वावर जगतात.

यानंतर गती मंदावली. दशकपूर्तीनिमित्त 'केझिया' आणि मग 'फोर्ट्रेस' संपूर्ण वाजवण्याचे दौरे झाले. जुने अल्बम क्रमाने वाजवण्याची ही प्रथा चाहत्यांना सुखावणारी, उत्पन्नासाठी भरवशाची, पण गळ्यासाठी महागात पडणारी. अठराव्या वर्षी मुद्रित केलेल्या पट्ट्या तिशीतल्या माणसाला रोज रात्री लावाव्या लागतात. २०१८ मधील 'फोर्ट्रेस'च्या दौऱ्यानंतर वॉकर यांच्या आवाजाने दगा दिला. नव्या अल्बमचे वाद्यसंगीत तयार असताना गायन अडून राहिले, आणि गळा सावरून गाण्याची पद्धत नव्याने बसवण्यात बराच काळ गेला. दरम्यान सदस्यांच्या घरी मुले जन्मली, वर्षभर गाडीत राहण्याचे दिवस मागे पडले.

'पॅलिम्प्सेस्ट' अखेर जून २०२० मध्ये आला. पूर्ण लांबीच्या मागच्या अल्बमपासून जवळजवळ सात वर्षांनी. गीते सर्वस्वी वॉकर यांची, आणि विषय अमेरिकेचा इतिहास, त्यातही ज्या घटनांभोवती त्या देशाने स्वतःची प्रतिमा विणली त्या. 'द मायग्रंट मदर'मागे डोरोथिआ लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे टिपलेले स्थलांतरित मजूर स्त्रीचे प्रसिद्ध छायाचित्र आहे. 'द कॅनरी' १९३७ मध्ये प्रशांत महासागरावर बेपत्ता झालेल्या वैमानिक अमेलिया एअरहार्ट यांच्याविषयी. 'फ्रॉम द स्काय' त्याच वर्षी मे महिन्यात न्यू जर्सीत पेटलेल्या हिंडेनबर्ग या हवाई जहाजाविषयी. कॅनडाच्या बँडने शेजाऱ्याचा इतिहास का गावा, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. पण ज्या देशाचे रेडिओ-धोरणच शेजाऱ्याच्या आवाजापासून स्वतःला वाचवण्यासाठी घडले, त्या देशातील मुले तो आवाज ऐकतच मोठी होतात. व्हिटबीपासून न्यूयॉर्क राज्याचा किनारा सरोवरापलीकडे आहे. 'मोठेपणा परत आणण्या'च्या घोषणांनी अमेरिकेचे राजकारण व्यापले असताना त्या मोठेपणाच्या जुन्या काळात कोण उपाशी होते आणि कोण जळून मेले, हे शेजारच्या अंगणातून विचारणे अधिक सोपे आणि कदाचित अधिक प्रामाणिकही असते. वाद्यवृंदाची साथ, दमदार आणि पूर्वीपेक्षा संयमित गायन, आणि कथा सांगण्याची जुनी खुमखुमी यांमुळे 'केझिया'नंतरचा बँडचा सर्वांत सुसंगत अल्बम म्हणून मी त्याकडे पाहतो.

अल्बम आला तेव्हा महामारीमुळे अमेरिका आणि कॅनडा यांमधील भूसीमा अत्यावश्यक नसलेल्या प्रवासासाठी मार्चपासून बंद होती, आणि ती दोन्ही बाजूंनी खुली व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. दौऱ्यावर टी-शर्ट विकून ज्यांचा हिशेब जुळतो अशा प्रत्येक बँडला या काळाने हतबल केले. 'प्रोटेस्ट द हीरो'ला त्याची झळ लागली नाही असे नाही. पण आपल्या अल्बमचे मालक आपण स्वतः, श्रोत्यांशी थेट व्यवहाराची सवय सात वर्षे जुनी, आणि शाळेच्या दिवसांपासूनचे वॉकर, हॉस्किन व मॅकमिलर हे तिघे अजून एकत्र, एवढे भांडवल हाताशी घेऊन त्यांनी तो अल्बम रंगमंचाविना लोकांपुढे ठेवला.